वाड्यातलं बिबट्याचं कातडं, पुतण्याचा पोपट आणि नव्वद दिवसांची मुदत

प्रश्न थोडक्यात असा: वडील दोन महिन्यांपूर्वी वारले. सातारा जिल्ह्यातल्या वाड्यात आजोबांच्या वेळचं, डोक्यासकट भरलेलं बिबट्याचं कातडं, सांबरशिंगांच्या दोन जोड्या आणि आईच्या पेटीत सोन्यात मढवलेलं वाघनख आहे. ‘कागद आहेत’ असं वडील म्हणायचे, पण सापडत नाहीत. एक गृहस्थ कातड्याचे पाच लाख द्यायला तयार आहेत. न्यू जर्सीतला भाऊ शिंगं आणि आजोबांची शिसवी पेटी तिकडे न्यायचं म्हणतोय. शिवाय पुतण्याने पुण्यात आफ्रिकन ग्रे पोपट घेतलाय, त्याचं पक्कं बिल आहे. यातलं कायद्यात काय बसतं?

आधी त्या पाच लाखवाल्या गृहस्थांचं बघू, कारण बाकी गोष्टींना थोडा तरी वेळ आहे, याला नाही. ‘विकायचं नाही’ असं त्यांना आजच कळवा, आणि लेखी कळवा. व्हॉट्सॲपवर एक ओळ पुरे. भाव करू नका, फोटो पाठवू नका, ‘एकदा बघून तर जा’ असंही म्हणू नका. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात विकणं हा गुन्हा आहेच, पण विकायला काढणं हाही गुन्हाच आहे. पैसे हातात पडेपर्यंत कायदा थांबत नाही. वनखातं आणि वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो बनावट गिऱ्हाईक पाठवून सापळा लावतात, हे रोजचं वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. समोरचा माणूस खरा शौकीन आहे, दलाल आहे की सापळ्यातला पंटर, हे तुम्हाला कळायचं नाही. कळून उपयोगही नाही. तिन्ही बाबतींत आरोपी तुम्हीच.

आता कातडं. ‘आजोबांच्या काळातलं आहे, तेव्हा शिकार चालायची, मग आमचा काय दोष?’ हे वाक्य माझ्याकडे येणारे निम्मे पक्षकार खुर्चीत बसता बसता बोलतात. त्यात एक गफलत आहे. प्राणी १९७२ पूर्वी मारला हे सिद्ध झालं, तर शिकारीच्या आरोपाला उत्तर मिळतं. बाळगण्याच्या आरोपाला मिळत नाही. बाळगणं हा कायद्याच्या लेखी वेगळा विषय आहे, त्याची कलमं वेगळी आहेत, आणि त्यांत वस्तूचं वय बघत नाहीत, तुमच्या हातातला कागद बघतात. वस्तू किती जुनी असली म्हणजे सुटते, असं विचारणाऱ्यांना मी मॅमथचं प्रकरण सांगतो. मॅमथ हजारो वर्षांपूर्वी नामशेष झाला; आपल्या कायद्याच्या कुठल्याच अनुसूचीत (संरक्षित प्रजातींच्या यादीत) तो नाही. सैबेरियाच्या बर्फात सापडणाऱ्या त्याच्या सुळ्यांचा व्यापार करणाऱ्यांनी नेमका हाच मुद्दा मांडला. २००३ मध्ये बलराम कुमावत प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: आयात केलेल्या हस्तिदंताच्या बंदीत मॅमथचा दातही येतो. मॅमथची ही गत, तर तुमच्या आजोबांचा बिबट्या कालचा आहे.

कायदा लागू झाला तेव्हा ज्यांच्याकडे अशा वस्तू होत्या, त्यांनी ३० दिवसांत त्या जाहीर करायच्या होत्या. पुष्कळांनी केल्या, संस्थानिकांनी, इनामदारांनी, निवृत्त अधिकाऱ्यांनी रीतसर याद्या दिल्या. त्याहून जास्त लोकांनी दिल्या नाहीत. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि २००३ च्या एप्रिलपासून १८० दिवसांची आणखी एक संधी मिळाली: आहे ते सांगा, तपासून मालकी प्रमाणपत्र देऊ. ती खिडकीही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बंद झाली. त्यानंतर पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीतल्या प्राण्याची वस्तू तुमच्याकडे कायदेशीरपणे येण्याचा सर्वसामान्य माणसापुरता एकच मार्ग उरला: वारसा. तोही ज्याच्याकडून वारसा आला त्याच्यापाशी प्रमाणपत्र असेल तर.

आणि इथे तुमच्या घाईचं कारण आहे. कलम ४० चं पोटकलम (२ब) सांगतं की वारसाने अशी वस्तू मिळाली की ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे ती घोषित करायची. वडील जाऊन दोन महिने झाले म्हणता, म्हणजे जेमतेम महिना हातात आहे. सातबाऱ्यावर वारसनोंद करायला आपण तलाठ्याकडे धावतो, बँकेत धावतो; ही नोंद मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसते. वडिलांच्या नावाचं प्रमाणपत्र हे वडिलांचं. ते गेले की तो कागद आपोआप तुमचा होत नाही. मुलाने बापाच्या नावाचा बंदुकीचा परवाना दाखवून बंदूक वापरावी, तसंच हे.

तेव्हा आधी कागद शोधा. काय शोधायचं ते नीट सांगतो. मालकी प्रमाणपत्र म्हणजे एका पानाचा सरकारी नमुना असतो: वस्तूचं वर्णन, लांबी-रुंदी, ओळखखूण, मालकाचं नाव-पत्ता, अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. जुनी प्रमाणपत्रं टंकलिखित, बहुधा इंग्रजी. वाळवीने कडा खाल्लेल्या असतात. बंदुकीच्या परवान्याच्या फायलीत, इनामाच्या कागदांत, कधी चक्क देव्हाऱ्यामागे सापडतात. कातडं उलटं करून बघा. खाली काळी किंवा हिरवी बनात (जाड लोकरी कापड) शिवलेली असेल; तिच्या कडेला किंवा भरलेल्या डोक्याच्या मागे धातूचा बिल्ला, शाईचा शिक्का, रंगाने लिहिलेला आकडा दिसतो का पाहा. प्रमाणपत्र देताना वस्तूवर ओळखखूण करायची तरतूद कायद्यातच आहे, आणि तोच आकडा कागदावर असला की निम्मं काम झालं. बनातीवर म्हैसूरच्या व्हॅन इंगन यांच्यासारख्या भुसा भरणाऱ्यांची चिठ्ठी असेल, तर तीही जपून ठेवा. पण ती कारागिराची खूण आहे, सरकारची नव्हे. जुनेपणा दाखवायला कामाची, मालकी दाखवायला नाही.

घरात मिळालं नाही, तर सातारा वनविभागाच्या उपवनसंरक्षकांकडे लेखी अर्ज करा: अमुक गृहस्थांच्या नावे, अमुक गावी, अशी घोषणा किंवा प्रमाणपत्र नोंदवहीत आहे का? मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपूरला आहे, तिथेही प्रत पाठवा. उत्तर रेंगाळलं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. अर्जात आजोबा आणि वडील दोघांची नावं द्या. कित्येकदा नोंद आजोबांच्या नावावर निघते आणि मधल्या पिढीने काहीच केलेलं नसतं. मुदत चुकू नये म्हणून शोध संपायची वाट न बघता ९० दिवसांच्या आत घोषणा दाखल करा आणि ‘मूळ प्रमाणपत्राचा शोध चालू आहे’ असं तिच्यात स्पष्ट लिहा. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका.

शोधूनही काही निघालं नाही तर? हा भाग कटू आहे. प्रमाणपत्र नसलेलं बिबट्याचं कातडं कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता ठरतं. अशी वस्तू ताब्यात आली की ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवायचं असतं. ते घरात ठेवून गप्प बसलात, तर कलम ५७ तुमच्यावर उलटतं. इतर फौजदारी खटल्यांत आरोप सिद्ध करायचं ओझं सरकारवर असतं. इथे ताबा सिद्ध झाला की तो बेकायदा आहे असंच गृहीत धरतात आणि तो कायदेशीर असल्याचं तुम्ही दाखवायचं. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा किमान ३ वर्षं, कमाल ७, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार. जामीनही सरकारी वकिलांचं म्हणणं ऐकल्याशिवाय मिळत नाही.

घाबरवायला हे लिहीत नाही. स्वतःहून, लेखी, वकिलामार्फत वस्तू जमा करायला आलेला वारस आणि सापळ्यात सापडलेला विक्रेता यांत वनाधिकारी फरक करतात. सगळीकडे सारखा करतात असं नाही, पण करतात. म्हणून जमा करताना मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, वस्तू कुठे आणि कधी सापडली, हे सगळं एका निवेदनात बांधून द्या. पंचनाम्याची प्रत मागून घ्या. मध्यरात्री नदीत फेकणं, जाळणं, परसात पुरणं असले सल्ले गावात कुणीतरी देईलच. तसं केलंत तर साध्या प्रकरणात पुरावा नष्ट केल्याची भर पडते.

एक स्पष्ट मत देतो, पटलं तर घ्या. प्रमाणपत्र सापडलं तरी कातडं ठेवण्यात फार राम नाही. विकता येत नाही. व्यापाराच्या कुठल्याही हेतूने दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. दुसऱ्या राज्यात हलवलं तर कळवावं लागतं. वारसदर वारस हेच रामायण. २०२२ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम ४२अ नुसार प्रमाणपत्रधारकाला सात कामकाजाच्या दिवसांची सूचना देऊन वस्तू मुख्य वन्यजीव रक्षकांकडे सुपूर्द करता येते. मोबदला मिळत नाही, प्रमाणपत्र रद्द होतं, पण विषय कायमचा मिटतो. भिंतीवरची आजोबांची आठवण जाते हे खरं; कातड्याशेजारी उभे असलेल्या त्यांच्या फोटोवर मात्र कसलंच बंधन नाही. आणि प्रमाणपत्र म्हणजे अभेद्य कवच असंही समजू नका. केरळमधल्या एका गाजलेल्या हस्तिदंत प्रकरणात तिथल्या उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सरकारनेच दिलेली मालकी प्रमाणपत्रं रद्द ठरवली. त्यांच्या मुळाशी असलेला शासनाचा आदेश राजपत्रात रीतसर प्रसिद्ध झाला नव्हता, एवढ्या कारणावरून.

वाघनखाचं काय? सोन्यात मढवलं, म्हणून ते दागिना होत नाही. कायद्यात तो वाघाचा अवयवच. कर्नाटकात २०२३ मध्ये टीव्हीवरच्या एका कार्यक्रमातल्या स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखाच्या पदकावरून अटक झाली, तेव्हा आपल्याकडेही कित्येक घरांत पेट्या उघडल्या गेल्या. दिलासा एवढाच की अशा पदकांतली बरीच नखं खोटी निघतात: गुराच्या शिंगाचा किंवा खुराचा तुकडा घासून, आकार देऊन केलेली. खऱ्या नखाला बुडाशी हाडाचा गाभा असतो, नख म्हणजे त्यावरची वक्र खोळ. शिंगाचा तुकडा आरपार भरीव असतो. पण सोन्याच्या कोंदणात बूडच झाकलेलं असतं, त्यामुळे घरबसल्या निर्णय देऊ नका, आणि सोनाराकडून उकलून तर मुळीच घेऊ नका. नसती चर्चा गावभर होते. कातड्याच्या घोषणेतच ‘वाघनखासारखी दिसणारी वस्तू’ अशा शब्दांत त्याचा उल्लेख करा. तपासणी वनखातं करून घेईल. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि हैदराबादची पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राची प्रयोगशाळा हे काम करतात. खोटं निघालं तर परत मागा. खरं निघालं आणि आजोबांच्या यादीत नसलं, तर सोन्यासकट सोडून द्यायची तयारी ठेवा.

सांबरशिंगांबद्दल आपल्याकडे जरा जास्तच निर्धास्तपणा आहे. लहानपणी गालफुगीवर, मुरगळलेल्या पायावर सहाणेवर उगाळलेल्या सांबरशिंगाचा लेप कुणी लावला नाही? त्यात ‘सांबराची शिंगं दरवर्षी गळतात, जंगलात पडलेली असतात, कुठे मारलंय त्याला’ हा युक्तिवाद. गळतात हे खरं. पण शिंग ही कायद्याच्या व्याख्येत ट्रॉफीच (प्राण्याचा जपून ठेवलेला अवयव) आहे, आणि जंगलात पडलेलं शिंग उचलून घरी आणणं हेही कायद्यात बसत नाही. लाकडी ढालीवर कवटीच्या तुकड्यासकट बसवलेली जोडी असेल, तर ती गळालेली नव्हेच. प्राणी मारल्याशिवाय कवटी येत नाही. तुमच्या दोन्ही जोड्या त्या दृष्टीने पाहा आणि त्याच घोषणेत घाला. अपवाद मोराच्या पिसांचा. मोर राष्ट्रीय पक्षी, पहिल्या अनुसूचीत, तरी नैसर्गिकरीत्या गळालेली शेपटीची पिसं देशात बाळगायला आणि विकायला मुभा आहे. तीच पिसं देशाबाहेर न्यायला बंदी आहे.

म्हणजे भावाच्या प्रश्नाकडे आलोच. शिंगं अमेरिकेला जाणार नाहीत. प्रमाणपत्र असलं तरी नाही, स्वतःच्या बॅगेत तर नाहीच. आपल्या परदेश व्यापार धोरणात वन्य प्राणी आणि त्यांच्या अवयवांची निर्यात मुळातच बंद आहे. विमानतळावर स्कॅनरमध्ये शिंगाचा आकार ओळखू येत नाही असं ज्याला वाटतं, त्याने तो पडदा कधी पाहिलेला नसतो.

पेटीचं वेगळं आहे, आणि इथे सायटीस, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार येतो. ३ मार्च १९७३ ला वॉशिंग्टनमध्ये सह्या झालेला हा करार. आज १८० हून अधिक देश त्यात आहेत आणि भारत १९७६ पासून आहे. देशात कोण काय बाळगतो याच्याशी त्याला कर्तव्य नाही. सीमा ओलांडणाऱ्या मालाशी आहे. पहिल्या परिशिष्टातल्या प्रजातींचा व्यापारी हेतूने व्यवहार जवळपास बंद. दुसऱ्यातल्यांचा परवान्याने चालतो, पण निर्यात करणाऱ्या देशाने ‘याने जंगलातल्या संख्येला धक्का लागत नाही’ असं सांगायचं. तिसऱ्यात एखाद्या देशाने आपल्या प्रजातींसाठी इतर देशांकडे मागितलेली मदत. वनस्पतींचा भरणा त्यात प्राण्यांपेक्षा कितीतरी मोठा, कारण ऑर्किडचं अख्खं कुळच आत आहे. आपल्या सह्याद्रीतली झाडावर लोंबणारी सीतेची वेणीसुद्धा. गंमत अशी की करारात जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली तरी आपल्या मूळ वन्यजीव कायद्यात त्यासाठी प्रकरणच नव्हतं. सीमाशुल्क कायदा आणि निर्यात धोरण यांच्या जोरावर काम निभावत होतं. २०२२ च्या दुरुस्तीने ५ब हे प्रकरण आणि सायटीसमधल्या प्रजातींची चौथी अनुसूची आली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे.

शिसव आणि शिसम दोन्ही डालबर्जिया या वंशातले. चीनमध्ये या वंशातल्या ‘रोजवूड’ लाकडाच्या फर्निचरची हाव एवढी वाढली की जगभर या वंशातली झाडं तुटू लागली, आणि कोणतं लाकूड कोणत्या जातीचं हे कापलेल्या फळीवरून बंदरावरच्या अधिकाऱ्याला ओळखता येईना. म्हणून २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत सगळा वंशच दुसऱ्या परिशिष्टात घातला. २ जानेवारी २०१७ पासून अंमल. आपल्याकडे शिसम रस्त्याकडेला आणि शेताच्या बांधावर उगवतो, त्यालाही तोच न्याय. शिसमाच्या हस्तकलेची निर्यात वर्षाला हजार कोटींच्या आसपास होती ती पाच-सहाशे कोटींवर आली, असं केंद्र सरकारनेच सांगितलं. हे मला आजही पटलेलं नाही. दुर्मीळ नसलेल्या झाडाची शिक्षा सहारनपूरच्या कारागिरांना झाली. २०२२ च्या पनामा परिषदेत भारताने भांडून एवढं पदरात पाडून घेतलं की परवाना न लागण्याची १० किलोची मर्यादा खेपेच्या एकूण वजनाला न लावता सुट्या नगाला लावायची, आणि वजन फक्त त्या लाकडाचं धरायचं. पितळी कड्या, काच वगैरे सोडून.

तुमच्या भावाला याचा अर्थ असा. पेटी छोटी, लाकूड १० किलोच्या आत असेल तर सायटीसचा परवाना लागायचा नाही. पण आजोबांची शिसवी पेटी म्हणजे दोघांनी उचलायची, हे मी न बघता सांगतो. मग ती २०१७ पूर्वीची आहे हे दाखवून करारपूर्व वस्तू म्हणून प्रमाणपत्र घ्यायचं. अर्ज वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोच्या मुंबईतल्या प्रादेशिक कार्यालयात. सायटीसचं व्यवस्थापन तिथूनच बघितलं जातं. जुना फोटो ज्यात पेटी दिसते, वाटणीपत्रातला उल्लेख, सुताराचं किंवा जाणकाराचं पत्र, असं जे असेल ते जोडा. हे सगळं माल जहाजावर चढायच्या आधी; न्हावाशेव्याला खोका अडकला की रोजचं भाडं पेटीच्या किमतीला मागे टाकतं. अमेरिकेच्या बाजूचे नियम भावाने तिथल्या सीमाशुल्क दलालाकडून आधीच विचारून घ्यावेत.

न्हावाशेवा म्हटलं की रक्तचंदनाची आठवण होते. मुख्यतः आंध्रच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत उगवणारं ते लाकूड, १९९५ पासून दुसऱ्या परिशिष्टात. ते याच बंदरातून भलत्याच मालाच्या नावाखाली बाहेर काढताना महसूल गुप्तचरांनी वारंवार पकडलंय. त्या मानाने आपल्याच नरक्या या झाडाकडे कुणाचं लक्ष नसतं. कर्करोगावरच्या औषधासाठी लागणारं द्रव्य त्यात आहे, म्हणून चंदगड-आजऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत त्याची चोरटी तोड चालते. वाघाच्या कातड्याला जशी बातमी मिळते, तशी नरक्याच्या टेम्पोला मिळत नाही.

आता पुतण्याचा पोपट. पक्कं बिल आहे म्हणता. त्या बिलाने जीएसटी भरल्याचं सिद्ध होतं, पक्षी कायदेशीर असल्याचं नाही. आफ्रिकन ग्रे २०१७ पासून सायटीसच्या पहिल्या परिशिष्टात आहे; पाळीव पक्ष्यांच्या बाजारासाठी आफ्रिकेतले थवेच्या थवे जाळ्यात गेले, म्हणून. आपल्याकडे तो आता चौथ्या अनुसूचीत येतो. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी ‘परिवेश’ या केंद्राच्या पोर्टलवर करायची. ज्यांच्याकडे आधीपासून होते त्यांना सहा महिने दिले, ते ऑगस्ट २०२४ मध्ये संपले. त्यानंतर घेतला असेल तर घेतल्यापासून ३० दिवसांत. नोंदणी ज्याच्या घरी पक्षी आहे त्याने करायची, दुकानदाराने नव्हे.

‘२०२० ची सरकारी पावती आहे की’ असं दुकानदार म्हणाला असेल, तर ती नीट वाचा. जून ते डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने विदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची योजना आणली होती. कागद न मागता नोंद होत होती. पण ती पावती त्या मालकाची, त्या वेळच्या त्या पक्ष्याची. पुढे झालेल्या पिल्लांची आणि हस्तांतराची साखळी जुळली पाहिजे. पुतण्याला दुकानातून तीन गोष्टी मागायला सांगा: पैदास करणाऱ्याच्या परवान्याची प्रत (पहिल्या परिशिष्टातल्या प्रजातीची पैदास करायला २०२३ च्या नियमांनुसार परवाना लागतो), पायातल्या कडीचा क्रमांक लिहिलेलं हस्तांतरपत्र, आणि मूळ मालकाच्या नोंदणीची प्रत. नर-मादीचा डीएनए अहवाल मिळाला म्हणून हुरळून जाऊ नये. तो कायदेशीर कागद नाही. मुदत उलटली असली तरी अर्ज करावाच; उशिराचा अर्ज आणि धाडीत सापडलेला पक्षी यांत मोठं अंतर आहे.

सगळ्या विदेशी पक्ष्यांना ही नोंद लागत नाही. बजरी आणि कॉकटील सायटीसच्या बाहेर आहेत. लव्हबर्डमध्ये मात्र फसगत होते: गुलाबी चेहऱ्याचा सुटतो, आणि डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला फिशर अडकतो. एकाच पिंजऱ्यात दोघं असतात. उलट, चौकातल्या ज्योतिषाकडे आणि निम्म्या चाळींच्या गॅलरीत दिसणारा आपला देशी मिठू पाळायला कुठलाच परवाना नाही, कारण तो भारतीय वन्य पक्षी आहे, दुसऱ्या अनुसूचीत. विदेशी, महागडा पोपट नोंदणीने ठेवता येतो आणि शंभर रुपयांचा देशी ठेवता येत नाही, हे लोकांना उलटं वाटतं; पण कायदा घरच्या जंगलाची काळजी आधी करतो. चांदणी कासवाचंही तेच. कुणाकडे असं काही असेल तर खिडकीतून सोडून देऊ नये, पिंजऱ्यात वाढलेला पक्षी दोन दिवस टिकत नाही. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत. कातड्याच्या पंचनाम्याला अधिकारी वाड्यात येतील आणि त्यांना डोळे असतात. त्याआधी स्वतः घरभर एकदा फिरा. दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत काळ्या जाळीदार झुडपासारखं ‘इंद्रजाल’ असेल, तर ती मुळी नव्हे, समुद्रातलं पोवळं किंवा समुद्रपंखा आहे, आणि ते संरक्षित आहे. देव्हाऱ्यात शेंदूर लावलेली, दोन हात जोडल्यासारखी दिसणारी ‘हत्थाजोडी’ असेल, तर ती कुठल्या झाडाची मुळी म्हणून विकली गेली असली तरी बहुतेक वेळा घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असते. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे आणि सायटीसच्या पहिल्या परिशिष्टातही. खवल्या मांजराच्या खवल्याची अंगठी, मुंगसाच्या केसांचे रंगाचे ब्रश, गेंड्याच्या कातड्याची जुनी ढाल, हस्तिदंती मुठीची काठी, हेही बघा. जे सापडेल त्याचा फोटो, माप आणि घरातली जागा लिहून त्याच घोषणेत घाला. एकाच अर्जात सगळं आलं की एकच पंचनामा होतो.